डाव्या कोपराची लोकर

सोमवारी गुहा पाहुण्यांना बंद असे. त्या दिवशी नोरीन पास्को मऊ कुंचला, बादली आणि चहाचा थर्मास घेऊन एकटीच आत जाई. आठवडाभरात येणारी माणसं आपले केस, कपड्यांचे तंतू, धूळ असं काहीबाही मागे सोडून जातात. ते वेळेवर झाडलं नाही तर छताला लोंबणारी चुन्याची पांढरी झुंबरं करडी पडतात.

टास्मानियातल्या त्या गुहेत नोरीन आणि तिचा नवरा लेस यांनी एकतीस वर्षं माणसं फिरवली. ती पुढे बोलत चालायची आणि तो सगळ्यांच्या मागे दिवे मालवत यायचा. गेल्या हिवाळ्यात तो गेला, तोही गुहेत नव्हे, हॉस्पिटलात, खिडकीजवळच्या खाटेवर. तरीही प्रत्येक फेरीच्या शेवटी तिची मान मागे वळायचीच. मागे कुणी नसे, आणि दिवे तिलाच मालवावे लागत.

त्या सोमवारी वाकड्या फटीत तिला हिरवी लोकर दिसली. ही फट अरुंद म्हणून पाहुण्यांना बंद होती, तिथून फक्त लेस जायचा. डावं कोपर घासल्याशिवाय तिथून कुणाला जाता येत नसे. लेसच्या स्वेटरसाठी ही लोकर तिने स्वतः रंगवली होती, त्यामुळे ओळखायला चूक होणं शक्य नव्हतं. जुनीच असेल, अशी तिने मनाची समजूत घातली आणि फट लख्ख झाडली.

पुढच्या सोमवारी पुन्हा हिरवी लोकर होती.

घरी येऊन तिने पेटी उघडली. लेसचा स्वेटर घडीतच होता. फक्त ठेवताना धड असलेलं डावं कोपर झिजून जाळीदार झालं होतं. घाबरण्याआधी तिला रडूच आलं. मग तिने घरात होती त्या लाल लोकरीने कोपर रफू केलं.

सोमवारी फटीत लाल धागा होता.

तिने हे कुणालाच सांगितलं नाही. जोडीला काम करणारी डेल तिचा बदललेला चेहरा पाहून म्हणाली, "लेस असता तर म्हणाला असता, ही बाई गुहेला पुसून पुसून झिजवणार. अगं, तुझी मुलगी बोलावतेय तर जा ना. दगडांशी किती दिवस बोलशील?"

"मी गेले तर त्याच्याजवळ कोण?" नोरीनच्या तोंडून निघून गेलं.

डेल नुसती तिचा हात धरून बसली.

शेवटी मुलगीच आली आणि तिला ॲडलेडला घेऊन गेली. निघताना नोरीनने स्वेटर बरोबर घेतला, पण तिला चैन नव्हतं. आपण त्याला अंधारात ठेवून आलो, हे मनातून जाईना. हात रिकामे राहू नयेत म्हणून तिने नवी निळी लोकर आणली आणि स्वतःसाठी कोट विणला. तो ती दिवसभर अंगात घालून बसे. घराबाहेर ती फारशी पडतच नव्हती.

जुलैतल्या ऐन हिवाळ्यात, एका सोमवारी दुपारी डेलचा फोन आला. हवापाण्याचं बोलून झालं. मग डेलने विचारलं,

"नोरीन, तू मला न सांगता इकडे येऊन गेलीस का गं?"

"नाही. का?"

"आज वाकडी फट झाडली. हिरवी-लाल लोकर निघाली. आणि पुढे चार पावलांवर निळी."

नोरीनने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"निळी पुढे?"

"हो. हिरवी मागे."

खोलीत हीटर चालू होता. तरी तिच्या डाव्या कोपराला गार लागत होतं. तिने बाही वळवून पाहिली. गेल्याच महिन्यात पुरा केलेला कोट तिथे विरला होता, आणि आतली कातडी ओलसर, चुन्याने पांढरी झाली होती.