सत्तेचाळिसाव्या मिनिटाची टकटक

ही गोष्ट खरी आहे हे पटवायला माझ्याकडे पुरावा एकच आहे. माझ्या मामांची वही.

ती वही आता माझ्या कपाटात आहे. मामांनी स्वतः आणून दिली. "माझ्या घरात नको," म्हणाले.

मामा म्हणजे माझ्या आईचे सख्खे धाकटे भाऊ. लग्न केलं नाही. छापखान्यात मुद्रितं तपासायचं काम. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि लाल पेनाने खुणा करायच्या. जित्याची खोड म्हणतात तशी ही खोड त्यांच्यासोबत घरीही यायची. दर रविवारी ते एक भुताचा सिनेमा किंवा गुन्हेगारीची मालिका बघायचे आणि संध्याकाळी इंटरनेटवर त्याच्यावर लिहायचे. दहापैकी गुण द्यायचे. बहुतेक वेळा दोन. त्यामुळे वाचकांनी त्यांचं नावच 'दोनमार्के' ठेवलं होतं, आणि मामांना त्याचा अभिमान होता.

त्यांची मतं ठाम होती. रात्री काय, कोणीही घाबरतं. खरा भयपट तो, जो दुपारी दोन वाजता घाबरवतो. म्हणून ते बरोबर दोनच्या ठोक्याला सिनेमा लावायचे. मांडीवर वही. प्रत्येक दचकवणारी जागा मिनिटासकट टिपायची. नायिका एकटी तळघरात उतरली, की शेजारी लिहायचं, "दिवा लावायला हात मोडलेत का?"

गुन्हेगारीच्या मालिकांवर तर त्यांचा वेगळाच राग होता. त्यातले शेजारी पोलिसांना नेहमी सांगतात, आम्हाला काहीच ऐकू आलं नाही. मामांनी त्यावर एकदा अख्खा लेख लिहिला होता. त्यातलं एक वाक्य मला पाठ आहे.

"भिंतीपलीकडे माणूस मरतो तेव्हा ऐकू येतंच, फक्त आपल्याला उठायचं नसतं."

ते वाक्य खूप लोकांना आवडलं होतं.

मामांच्या भिंतीपलीकडे एक बाई राहायच्या. निवृत्त शिक्षिका, गणिताच्या. एकट्याच. मुलगी परगावी परिचारिका. बाईंना मामांचे लेख आवडायचे, मतं मात्र पटायची नाहीत. जिन्यात गाठ पडली की वाद ठरलेला. एकदा त्या म्हणाल्या होत्या, तुम्हाला भीती वाटत नाही याचं कारण सिनेमा वाईट आहे हे नव्हे, तुमचं सगळं लक्ष चुका काढण्यात असतं. मामा हसले होते.

दोघांची एक खूणही ठरलेली होती. मामांचा टीव्ही मोठा झाला, की बाई लाकडी पट्टीने भिंतीवर दोनदा ठोकायच्या.

टक टक.

मामा आवाज कमी करायचे. इतकी वर्षं हेच चाललं होतं.

त्या रविवारी मामांनी एक नवा भयपट लावला. वेळ दुपारी दोन. बाहेर लख्ख ऊन, आत पडदे ओढलेले. सिनेमा संथ होता आणि मामा कंटाळले होते.

सत्तेचाळीस मिनिटं झाली...

टक. टक. टक.

मामांनी वहीत लिहिलं, "४७. टकटक. शिळं."

पाच मिनिटांनी पुन्हा तेच. त्यांनी पुन्हा टिपलं. एक तास सहा मिनिटांनी तिसऱ्यांदा, जरा हळू. तेही टिपलं.

सिनेमा संपला. मामा चारच्या सुमारास फिरायला गेले, बाहेरच चहा घेतला, सातला परत आले आणि लिहायला बसले. लेखात त्यांनी लिहिलं की दिग्दर्शकाला काही सुचेनासं झालं की तो टकटक वाजवतो. तीनदा वाजवून दार कुणी उघडतच नाही, मग वाजवायचं कशाला? दहापैकी दोन.

सोमवारी सकाळी बाईंच्या दारात दुधाची पिशवी आणि वर्तमानपत्र तसंच पडलं होतं. दुपारपर्यंत तसंच. मग दार तोडलं.

बाई पलंग आणि भिंतीच्या फटीत पडल्या होत्या. अर्धं अंग गेलेलं, वाचाही गेली असावी. फोन स्वयंपाकघरात. हातात लाकडी पट्टी.

डॉक्टरांनी सांगितलं की पडल्या त्या दुपारी, पण जीव संध्याकाळी सातच्या आत कधीतरी गेला. मधले काही तास शुद्ध असणार. वेळेत कोणी गेलं असतं तर वाचल्या असत्या.

रात्री मुलगी आली. सगळं आवरल्यावर तिने मामांचं दार वाजवलं. आत आली नाही, उंबऱ्यातच उभी राहिली. शांतपणे विचारलं,

"काका, रविवारी दुपारी तुम्हाला भिंतीतून काही ऐकू आलं होतं का?"

मामा म्हणाले, "नाही गं. मला काहीच ऐकू आलं नाही."

तिने मान हलवली आणि गेली.

दोन दिवसांनी लेखाखाली एका वाचकाने लिहिलं, "दोनमार्के, झोपला होतात का? या सिनेमात टकटक कुठेच नाही."

मामांनी सिनेमा पुन्हा लावला. सत्तेचाळिसाव्या मिनिटाला एक बाई आरशासमोर केस विंचरते. अगदी शांत प्रसंग. टकटक नाही. बावन्नाव्या मिनिटाला नाही, पुढेही नाही.

मग मामांनी जे केलं ते सांगताना मलाच लाज वाटते. त्यांनी ती प्रतिक्रिया पुसली. लेखातली टकटकीची वाक्यं काढून टाकली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुकांना लाल खूण करणाऱ्या माणसाने स्वतःची चूक गुपचूप खोडली.

पुढच्या रविवारी त्यांनी एक मालिका लावली. बाईंचं घर बंद, कुलूप मुलीने स्वतः लावलेलं. दोन वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी...

टक. टक. टक.

मामांनी टीव्ही थांबवला. पडद्यावर पोलीस तोंड उघडं ठेवून गोठला. खोलीत चिडीचूप.

दोन बावन्नला पुन्हा. टीव्ही थांबलेला असताना. भिंतीतून, जमिनीपासून वीतभर उंचीवर.

तीन वाजून सहा मिनिटांनी तिसऱ्यांदा. मामांना वाटलं, संपलं.

पण ते संपलं नाही. साडेतीनला पुन्हा आलं. चार वाजून दहा मिनिटांनी आलं. मागच्या रविवारी मामा ज्या वेळी बाहेर चहा पीत होते, त्या वेळी आलं. त्यांचा हात आपसूक वहीकडे गेला आणि ते टिपत गेले. शेवटची टकटक सहा वाजून चाळीस मिनिटांनी. एकच ठोका. त्यानंतर काही नाही.

एकूण अकरा वेळा.

महिनाभर दर रविवारी हेच. मामा वाळले. लिहिणं बंद झालं. आईने मला बघून यायला पाठवलं, तेव्हा त्यांनी मला सगळं सांगितलं. मी समजूत घातली. म्हटलं, मामा, तुम्हाला खरंच ते सिनेमातलं वाटलं, यात तुमचा काय दोष?

मामांनी वही मिटली. मग म्हणाले, "पहिल्यांदा वाटलं सिनेमातलं."

"आणि दुसऱ्यांदा?"

"दुसऱ्यांदा मी आवाज कमी केला."

 सिनेमातला आवाज वाटला असता तर कोणी टीव्ही कशाला कमी करेल?

"तिसऱ्यांदा?" मी विचारलं.

"कमी करूनही ठोकतायत म्हणून राग आला. वाढवला."

आणि तरीही ते वहीत टिपलं, लेखात घातलं. का? तर त्यांनी लिहून लिहून स्वतःलाच पटवलं होतं की ते सिनेमातलंच आहे. हे सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

तो रविवारच होता, म्हणून मी तिथे थांबलो. मीही ऐकलं. अकरा वेळा. शेवटचा ठोका इतका हलका होता, की मी भिंतीला कान लावून बसलो होतो म्हणून कळला.

मी म्हटलं, मामा, बाईंच्या मुलीला फोन करा.  नंबर मी लावला, स्पीकर चालू ठेवला. मामांनी काहीही न लपवता सगळं सांगितलं, आवाज वाढवल्याचंसुद्धा. 

मग ती म्हणाली, "काका, मला माहीत होतं. तुमचा प्रत्येक लेख आई मला वाचायला लावायची. तोही मी रविवारी रात्रीच वाचला होता. तो सिनेमा मी आधी बघितला होता. त्यात टकटक नाही."



"म्हणून तर दारात येऊन विचारलं," ती म्हणाली. "मला वाटलं, तुम्ही खरं सांगाल."

तिने फोन ठेवला. एक शब्द वाकडा बोलली नाही. तिने शिव्या घातल्या असत्या तर मामांना सोपं गेलं असतं.

पुढच्या रविवारी भिंत शांत होती. त्याच्या पुढच्याही. मला वाटलं, कबुली दिली, सुटले बिचारे. पण मामा वही घेऊन आले ते आणखीच खचून. तेव्हाच ते मला म्हणाले, "आता बाई माझ्याकडे काही मागत नाहीत रे. मी उठेन याची आशाच सोडली त्यांनी."

या गोष्टीला दोन महिने झाले. ती टकटक कसली होती आणि का थांबली, मला माहीत नाही.

पण एक गोष्ट मी मामांनाही सांगितलेली नाही.

मागच्या रविवारी मी माझ्या घरी टीव्ही बघत बसलो होतो. वही कपाटात. घड्याळात दोन वाजून सत्तेचाळीस मिनिटं...

टक. टक. टक.

दोन बावन्नला पुन्हा आलं तेव्हा मी धावत शेजारच्या दाराशी गेलो. मोठं कुलूप होतं. ते घर चार महिने रिकामं आहे, हे मला माहीत होतं.

आणि हेही माहीत आहे, की मी दुसऱ्या वेळी उठलो. पहिल्या वेळी मी रिमोट उचलला होता, आणि आवाज वाढवला होता.