अर्धा खो नसतो

शलाकाने खो दिला तो हवेत.

फलटणच्या मैदानावर दिवस मावळत आला होता. पळणारी मुलगी दमली होती, आणखी एक खो मिळाला की ती बाद, इतकं सगळं जमून आलं होतं. शलाका रांगेच्या कडेने धावली, वेदिकाच्या पाठीवर हात टाकला, "खो!" म्हणून ओरडली आणि तोंडावर आपटली. वेदिका तिथे नव्हतीच. ती पुढच्या चौकोनात बसली होती.

बघणारे खो खो हसले. शलाकाही माती झटकत हसली. फक्त वेदिका हसली नाही.

"तुला मी दिसले नाही?" तिने हळूच विचारलं.

शलाका घरी आली. आबांनी, म्हणजे तिच्या आईच्या वडिलांनी, सगळं ऐकून घेतलं आणि तिला दिव्याकडे पाठ करून उभं केलं. बोट बाजूने पुढे आणत ते विचारत राहिले, "दिसतंय? आता?" बोट जवळजवळ नाकासमोर आलं तेव्हा ती "हो" म्हणाली. आबांनी बोट खाली घेतलं. आयुष्यभर त्यांनी डोळ्याचाच अभ्यास केला होता. त्यांची बायको, शलाकाची आजी माई, आधी कडेची नजर खाणाऱ्या याच आजाराने आंधळी झाली होती आणि मागच्या दिवाळीआधी वारली होती. हा आजार घराण्यात उतरतो, कधी मधली पिढी गाळूनही उतरतो. त्या संध्याकाळी घरात सगळ्यांना कळलं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "डोळे हळूहळू जाणार."

"कुठे जाणार?" आबांनी विचारलं.

"अहो, जाणार म्हणजे..."

"डोळे जाणार नाहीत. त्यातला एक थर जाणार आहे. पोरीला नीट सांगा. नाहीतर मी सांगतो."

घरी येताना त्यांनी सांगितलं. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला दृष्टिपटल असतं (पातळ पडदा, ओल्या कागदासारखा). त्यात पेशींचे तीन मुख्य थर असतात. पहिल्या थरातल्या प्रकाशग्राही पेशी उजेड टिपतात. मधल्या थरातल्या पेशी त्या निरोपाची छाननी करतात. तिसऱ्या थरातल्या गँग्लियन पेशी (लांब शेपटीच्या चेतापेशी) तो निरोप विजेच्या ठोक्यांनी मेंदूकडे धाडतात.

"तुझा पहिला थर मरतोय," आबा म्हणाले. "तिसरा बराचसा जिवंत राहतो. माईचाही होता. तो थर शेवटपर्यंत निरोपाची वाट बघत बसला आणि आम्हाला त्याच्याशी बोलता आलं नाही."

"आजाराने आपल्या कामात खो घातला," शलाका म्हणाली.

"घातला."

"मग आपण त्याच्या कामात घालू."

हळूहळू खरंच सगळं अंधारलं. शलाका पांढरी काठी वापरायला शिकली, ठिपक्यांची लिपी वाचायला शिकली, आणि मैदानावर जायचं तिने सोडलं नाही. आत्या म्हणाली, "नशिबात होतं गं ते." शलाका म्हणाली, "नशीब खेळायला येत असेल तर आण त्याला मैदानावर."

मग पुण्यात या आजारावरच्या एका नव्या उपायाची चाचणी सुरू झाली. शलाकाच्या उजव्या डोळ्यात दृष्टिपटलावर मसुराच्या दाण्याएवढी चकती बसवली. तिच्यावर शेकडो इलेक्ट्रोड होते (विजेची अतिशय बारीक टोकं). चष्म्यातला कॅमेरा समोरचं दृश्य टिपायचा आणि इलेक्ट्रोड गँग्लियन पेशींना विजेचा टोचा द्यायचे. पहिला थर गाळून थेट तिसऱ्याशी बोलायचं, अशी ही युक्ती.

पण शलाकाला दिसायचा तो फक्त राखाडी भपका. चाचणीच्या प्रमुखांनी पांढऱ्या पडद्यावर काळा पट्टा धरला आणि विचारलं, "डावीकडे की उजवीकडे?" तिला सांगता आलं नाही. त्यांनी वीज वाढवली. भपका वाढला, डोकं दुखलं, पट्टा काही दिसला नाही.

"पुढच्या तपासणीला पट्टा ओळखता आला नाही तर चकती काढावी लागेल," प्रमुख म्हणाले. "निरुपयोगी वस्तू डोळ्यात ठेवता येत नाही."

"मी काढू देणार नाही," शलाका म्हणाली.

"बाळ, तसं नसतं."

"मग कसं असतं ते आम्ही शोधून येतो," आबा म्हणाले आणि तिचा हात धरून उठले.

फलटणला परतल्यावर ते घरी गेलेच नाहीत, सरळ मैदानावर गेले. वेदिका आणि संघातल्या मुली सराव करत होत्या. आबांनी आठ जणींना मधल्या पाटीवर एका ओळीत बसवलं, नेहमीसारखं, एकीचं तोंड इकडे, शेजारणीचं तिकडे.

"या गँग्लियन पेशी," ते म्हणाले.

"मी कसली पेशी? मी कॅप्टन आहे," वेदिका म्हणाली.

"कॅप्टन पेशी. आता ऐका. पेशीला एक कातडं असतं. त्याच्या बाहेर सोडियम जास्त, मिठात असतो तोच. आत पोटॅशियम जास्त. बाहेरच्या मानाने आतली बाजू विजेच्या हिशेबात उणी असते. म्हणजे पेशी ताणून बसलेली असते. तुम्ही उकिडव्या बसता ना, उठायच्या तयारीत, तशी."

त्यांनी वेदिकाच्या पाठीला बोट नुसतं टेकवलं. ती हलली नाही.

"का उठली नाहीस?"

"हा काय खो झाला? हा तर डास बसल्यासारखा."

"अर्धा खो समज."

"आबा, अर्धा खो नसतो! एकतर खो असतो, नाहीतर नसतो."

"शाब्बास. पेशीचंही तेच. टोचा कमी पडला तर काही होत नाही. एका ठरावीक पातळीला पोचला की कातड्यातली सोडियमची दारं धडाधड उघडतात, सोडियम आत घुसतो आणि उणं होतं तिथे अधिक होतं. लगेच ती दारं मिटतात, पोटॅशियम बाहेर पडतो आणि पुन्हा उणं. डोळा मिचकावायला लागतो त्याच्या कितीतरी कमी वेळात हे उरकतं. हाच तो ठोका, आवेग म्हणतात त्याला. तो पेशीच्या शेपटीतून मेंदूकडे पळत जातो, आणि मागे वळत नाही."

"आपल्यालाही वळता येत नाही. वळलं की फाऊल," एक जण म्हणाली.

"आणि उजेड जास्त असेल तर?" शलाकाने विचारलं. "मग ठोका मोठा?"

"तू सांग. वेदिकाला तू जोरात धपाटा घातलास तर ती दुप्पट जोरात उठेल?"

"मी उठून तिलाच एक घालेन," वेदिका म्हणाली.

आबा हसले. पुण्याहून निघाल्यापासून पहिल्यांदाच. "ठोका मोठा होत नाही. सगळे ठोके सारखेच. निरोप असतो तो ठोके किती भरभर येतात त्यात, पहिला कधी येतो त्यात, आणि कोणत्या पेशीकडून येतो त्यात. मेंदू एवढ्यावरून चित्र जुळवतो."

शलाकाने आपली पांढरी काठी आडवी धरली. "मग चकती काय करते ते मी दाखवू? मला भपका कसा दिसतो ते?"

ती रांगेच्या कडेने गेली आणि आठही जणींच्या अंगाला काठी लावत, न थांबता, एका दमात ओरडत सुटली, "खो खो खो खो खो!" आठही जणी उठल्या. चार इकडे धावल्या, चार तिकडे. दोघी एकमेकींवर आदळल्या. कुणी म्हणालं, "अगं पण कुणाला पकडायचंय?"

मुली हसत होत्या. आबा हसत नव्हते.

"आबा?" शलाकाने विचारलं.

"तोंडं," आबा म्हणाले. "तुझ्या पेशीही आलटूनपालटून तोंड करून बसल्यात. काही पेशी उजेड आला की ठोके देतात. त्यांच्या शेजारच्या उजेड गेला की देतात. चकती दोघींना एकदमच उठवते. म्हणजे एकाच जागेबद्दल मेंदूला एक सांगते उजेड आला, दुसरी सांगते गेला. तो बिचारा काय समजणार?"

त्यांनी तिथूनच, सगळ्यांना ऐकू येईल असा, फोन लावला आणि हेच सांगितलं. चकती बनवणाऱ्या इंजिनिअर नसीमा तांबोळी पलीकडे होत्या.

"आबा, हे मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "आम्हाला वाटलं होतं, मेंदू हळूहळू सवय करून घेईल. पण कोणती पेशी कोणत्या तोंडाने बसलीय हे ओळखणार कसं? एरवी उजेड पाडून बघतात. शलाकाच्या पेशींना उजेड कळतच नाही."

"नसीमाताई," शलाका मध्येच बोलली, "मलाही या मुली दिसत नाहीत. तरी कुणाचं तोंड कुठे आहे ते मी सांगते."

"कसं काय?"

"त्यांना हात लावायच्या आधी ऐकते. तोंड माझ्याकडे असेल तर श्वास ऐकू येतो. पाठ असेल तर येत नाही. तुमची चकती नुसती टोचतच असते. ती कधी ऐकते का?"

नसीमा म्हणाल्या, "तिला ऐकता येतं. तारा तपासण्यापुरती ती सोय ठेवली होती. आणि पेशी अंधारातही मधूनच आपणहून ठोका देतात. दोन्ही जातींच्या ठोक्यांची लहर थोडी निराळी असते..." त्या थांबल्या. "शलाका, उद्या पुण्याला ये. काही न टोचता फक्त ऐकू."

दुसऱ्या दिवशी त्यांनी ऐकलं, आणि त्यानंतरही रोज. चकतीखालच्या पेशी टिकटिकत होत्या. शलाकाला ते ध्वनिवर्धकावर ऐकवलं तेव्हा पत्र्यावर वाळू पडावी तसं वाटलं. "या माझ्या?" तिने विचारलं. "तुझ्याच," आबा म्हणाले. "कोण म्हणतं गेल्या?" आणि त्यांना एकदम बाहेर जाऊन यावं लागलं.

सगळ्या पेशी ओळखता आल्या नाहीत. काही ठिकाणी इलेक्ट्रोड जाड पडत होते, एकाच टोच्यात दोन पेशी उठत होत्या. अशा जागा नसीमांनी बंद ठेवल्या. उरल्या मोजक्याच.

तपासणीच्या दिवशी प्रमुखांनी पडदा लावला. "एवढ्या थोड्या पेशींनी काय होणार?"

"नऊ जणींनी खो-खो होतो," शलाका म्हणाली.

पट्टा आला. जिथे काळं होतं तिथे 'गेला' म्हणणाऱ्या पेशींनाच खो मिळाला, जिथे पांढरं होतं तिथे 'आला' म्हणणाऱ्यांनाच. शलाकाने श्वास रोखला. भपका आला नाही. काहीतरी उभं होतं. कड होती.

"डावीकडे," ती म्हणाली. पट्टा हलला. "आता उजवीकडे. आता मधे. आता तुम्ही तो काढून घेतलात, मला फसवायला."

प्रमुखांनी पट्टा खरंच काढून घेतला होता. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "चकती राहू दे."

"मी तेच म्हणत होते," शलाका म्हणाली.

संध्याकाळी ती मैदानावर गेली. उतरत्या उन्हात एक काळी उभी कड दिसली. ती चालत गेली, हात पुढे केला आणि खांब हाताला लागला. खांबाला हात लावूनच तिने ओरडून सांगितलं, "वेदिका, हसत असशील तर मोठ्याने हस, मला तू दिसत नाहीस!"

वेदिका मोठ्याने हसली.

आबा कडेला बसले होते. आता शलाकाला खांब दिसतो, दाराची चौकट दिसते, समोरून कुणी गेलं तर कळतं. दृष्टिपटलात दहा लाखांच्या आसपास गँग्लियन पेशी असतात, त्यातल्या जेमतेम शंभरेक पेशींशी बोलता येतं. रंग अजून जमलेले नाहीत. अक्षरं जमलेली नाहीत. चेहरा जमलेला नाही. ते काम बाकी आहे.