उठून हसायचा तुकडा

सगळ्या काशीत सिनेमा माझ्याइतका कोणाला कळत नाही. म्हणजे, इंटरव्हलपर्यंतचा. पुढचा मी अजून पाहिलेला नाही, झोप लागते.

हसू नकोस रे विश्वेश. आणि ईशानी, तू तोंड फुगवून बसू नकोस. शिंदे घाटाच्या पायऱ्या काही तुझ्या सासरच्या नाहीत. "ढुंढूकाका, ती गोष्ट नका ना सांगू," म्हणे! का नको? तुझ्याच आजोबांची आहे. बिंदुमाधव माझा शाळेपासूनचा दोस्त. मास्तरांनी दोघांना एकाच दिवशी हाकललं. तो वेद शिकला, मी उनाडक्या.

तर ऐका. त्या दिग्दर्शक अनिमेषबाबूंनी याच घाटावर सिनेमा काढला. त्यात एका भटजीची अंत्ययात्रा होती. मढं म्हणून कोणाला निजवायचं? नुसतं पडून राहायचं आणि वर जेवण, बिंदुमाधव एका पायावर तयार!

आता सिनेमावाल्यांचा एक रिवाज असतो. मेलेल्याचं काम करणाऱ्याचा शॉट संपला तरी कॅमेरा लगेच बंद करत नाहीत. त्याने तिरडीवरून उठायचं, कॅमेऱ्यात बघून हसायचं, मग बंद. नाहीतर अपशकुन. बिंदुमाधव उठला, तंबाखूने काळे झालेले सगळे दात दाखवून हसला. झालं.

पुढे मुंबईच्या स्टुडिओने ती अख्खी यात्राच कापून टाकली. लोक थिएटरात मढी बघायला येत नाहीत म्हणे. सिनेमा तरीही पडलाच. मग स्टुडिओला अक्कल सुचली, डायरेक्टर्स कट काढू या. म्हणजे यांनीच कापलेलं दिग्दर्शकाने परत जोडायचं, आणि यांनीच ते लोकांना घरी बघायला विकायचं. दोन्हीकडून फोनवर अशा शिव्या चालायच्या की आपल्या गल्लीतले सांडसुद्धा वाट सोडून उभे राहिले असते.

जोडायचं काम होतं आपल्या दूधविनायक गल्लीतल्या सुशांतकडे. बँकेची नोकरी सोडून लॅपटॉपवर सिनेमे जोडतो तो. अनिमेषबाबू त्याच्यावर खेकसले, "जो नहीं लगेगा, सब हटाओ! डिस्क भर गई है!" सुशांतनेही चिडून हटवलं. त्यात तो उठून हसायचा तुकडाही गेला.

गेल्या पौषातली अमावस्या होती ती.

त्याच दुपारी बिंदुमाधव जेवून आडवा झाला, तो दिवेलागणीला उठेना. श्वास चालू, नाडी चालू. हात मात्र छातीवर जुळलेले. डॉक्टर म्हणाला, सकाळी इस्पितळात हलवा.

रात्री अकराच्या सुमाराला या ईशानीच्या आईने, वैदेहीने, सुशांतला फोन केला. सकाळी गाडी मिळेल का विचारायला. बोलता बोलता म्हणाली, "बाबा असे पडलेत ना... अगदी तुमच्या त्या सिनेमात पडले होते तसे."

उठायचा तुकडा आज आपणच पुसलाय, हे सुशांतला तेव्हा आठवलं.

पुसलेलं परत आणायचं काहीतरी असतं म्हणे लॅपटॉपात. त्याने ते लावलं. बसून राहिला. गल्लीत कुत्री भुंकत होती, ती गप्प झाली. बारा वाजून गेल्यावर तुकडा सापडला. त्याने चालू केला.

तिरडी. झेंडू. चादर.

चादर हलली.

मढं उठून बसलं. माळ गळून पडली. चेहरा बिंदुमाधवचाच... पण दात दिसले नाहीत. ते हसलं नाही. नुसतं बघत राहिलं. कॅमेऱ्याकडे नाही. सुशांतकडे.

त्या तुकड्यात आवाज घेतलेलाच नव्हता. तरी आला.

"किसने लिटाया मुझे?"

सुशांतने बटण दाबलं. थांबेना. पुन्हा दाबलं...

"बोल. किसने लिटाया?"

मग ते तिरडीवरून उतरलं. पुढे आलं. आणखी पुढे. पडदा सगळा काळा...

सुशांतने लॅपटॉप मिटला. आतून कोणीतरी एकदा... एकदाच वाजवलं.

मग काही नाही.

...

फोन वाजला. वैदेही. रडत, हसत. "बाबा उठले! आत्ता उठले!"

विश्वेश, हात सोड माझा. नखं काप जरा.

सकाळी सिनेमा मुंबईला द्यायचा होता. सुशांतने पुन्हा न बघता पाठवून दिला. आता तो घरोघरी आहे, तुम्हीही बघा. चार माणसं खांद्यावर तिरडी घेऊन या पायऱ्या उतरतात, मागे बायका रडतात, आणि तिरडीवर कोणी नाही. चादर आहे, मधोमध माणसाच्या वजनाने दबलेली. माणूस नाही. अनिमेषबाबू गंगेची शपथ घेऊन सांगतात, मी असं काढलंच नव्हतं. स्टुडिओला काय त्याचं! त्यांनी डब्यावर छापलं, 'आजवर न पाहिलेली दृश्यं'.

झाली गोष्ट. आता उठा, घरी जा. अगं ईशानी, तुझा चेहरा का असा? शेवट तर गोड आहे. आजोबा उठले की नाही ठणठणीत?

ईशानी पायरीवरून उठली. चप्पल घालताना माझ्याकडे न बघताच म्हणाली, "उठलेत, काका. पण 'आजोबा' म्हणून हाक मारली की ते स्वतःच्या मागे वळून बघतात, आम्ही कोणाला बोलावतोय ते."