झोपाळ्याच्या तुळईतलं भोक

तुम्हा लोकांना फवारणीच सुचते. आत कोण आहे, एवढं तरी आधी विचाराल की नाही?

बाबा विचारायचे. कोथरूडच्या आमच्या गॅलरीत सागवानी तुळईला झोपाळा टांगलेला आहे. दर उन्हाळ्यात त्या तुळईला एखादं भोक पडायचं, गिरमिटानं पाडावं तसं गोल. खाली पिवळसर भुसा. शेजारी म्हणायचे, वाळवी. बाबा हसायचे. “वाळवी इतकं नीटनेटकं काम करते होय? हा सुतार भुंगा.” काळाकुळकुळीत, पंखांवर जांभळी झाक. मग ते रोज फाडायच्या कॅलेंडरचं पान भोकावर चिकटवायचे. सकाळी पान कुरतडलेलं दिसलं, की आत कुणीतरी आहे, थांबायचं. चार दिवस पान शाबूत राहिलं, तरच सागाची निमुळती खुंटी, टोक आत करून, ठोकायची.

गेल्या वर्षी बाबा गेले. आई रोज दुपारी झोपाळ्यावर त्यांच्या जागी बसते. यंदा नेमकं कडीशेजारीच भोक दिसलं. तुळई पोखरली तर झोपाळा उतरवावा लागणार, आणि मग आईनं बसायचं कुठे?

भुंगे मारू देणार नाही, हे मी अख्ख्या सोसायटीला ऐकवलं होतं. पण चार दिवस कोण थांबणार? बाबांच्या डब्यात एकच खुंटी उरली होती. भर दुपारी स्टुलावर चढून ती ठोकली.

“पान लावलं होतंस?” आईनं विचारलं.

“वेळ कुठे होता?”

“हो, तुला फार कामं.”

थोड्या वेळानं तुळईतून कुरकुर ऐकू आली. बारीक, चिकाटीची. भुंगाच असणार. मग ती थांबली. आणि ठक... ठक... ठक. बाबा खुंटी ठोकताना असेच अडून अडून तीन ठोके द्यायचे. ताज्या भुशाचा वास आला, आणि त्यात मिसळलेला बाबांच्या आल्याच्या चहाचा.

“आई... चहा ठेवलायस?”

“नाही.” तिनं पायानं झोपाळा थांबवला. “कोंडलंस ना...”

कुणाला, ते विचारायचं धाडस झालं नाही. मी धावत जाऊन कोपऱ्यावरच्या दुकानातून समाधान सुतारांना घेऊन आले.

“भाऊ, तेवढी खुंटी काढा. आत जीव आहे.”

परतले तर माझी खुंटी आईशेजारी, झोपाळ्याच्या फळीवर पडलेली. आई जागची हललीसुद्धा नव्हती. आणि वर भोक बंदच होतं.

समाधानभाऊंनी स्टुलावर चढून हातोडीच्या दांड्यानं तुळई या टोकापासून त्या टोकापर्यंत वाजवून पाहिली.

“भक्कम आहे. झोपाळा उतरवायची गरज नाही.”

आईनं डोळे मिटून घेतले. समाधानभाऊंनी भोकावरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. मग ते स्टुलावरून खाली उतरले.

“ताई, हिचं निमुळतं टोक बाहेर आलंय,” ते हळूच म्हणाले. “ही खुंटी आतून ठोकलीय...”