सातव्या डब्यावरची टिटवी

रहिमाबीची अट साधी होती. सिंदफणा नदीच्या खोऱ्यातल्या सातव्या डब्यात तिचं नाव पोचल्याशिवाय ती गुडघ्याच्या ऑपरेशनला जाणार नव्हती. रोहिणीबाई नावाच्या शिक्षिकेने नदीकाठी सात डबे लपवले होते. मोबाइलवर जागा शोधायची, डब्यातल्या वहीत नाव लिहायचं, डबा होता तसा ठेवायचा. तेवढ्या निमित्ताने माणसांनी नदी बघावी! सहा डबे तिने आणि नवऱ्याने, ख्वाजाभाईंनी, मिळून शोधले. सातव्याआधी तिचे गुडघे संपावर गेले.

"टेबलावरून उठलेच न्हाई तर? नाव तरी पोचू द्या," असं म्हणून तिने आपल्या नावाची चिठ्ठी दिली आणि ख्वाजाभाई मोहिमेवर निघाले. वय अडुसष्ट. पस्तीस वर्षं विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त केलेला हात, खांद्यावर सवयीचा दोर, आणि वाटाड्या म्हणून नदीकाठचा शेतकरी आश्रुबा.

मार्चातली गार सकाळ होती. डोहावर खंड्या सूर मारत होता. माळावर काळविटांनी माना वर करून या दोन म्हाताऱ्यांना नीट न्याहाळलं आणि यांच्यात बघण्यासारखं काही नाही असं ठरवून पुन्हा चरायला सुरुवात केली.

फोन म्हणाला डावीकडे. आश्रुबा म्हणाला उजवीकडे.

"फोन काय इथं जल्मलाय का बे?" असं म्हणत तो उजवीकडे उतरला आणि मांड्यांपर्यंत चिखलात गेला!

"हलू नको!"

ख्वाजाभाईंच्या खांद्यावरून दोर सुटला. बाभळीला वेढा पडला. आश्रुबा कमरेपर्यंत बुडाला!

"ख्वाजा, वढ लवकर!"

"गप बस. पाच हॉर्सपॉवरची मोटार काढलीय मी, तू काय चीज हाय!"

आश्रुबा बाहेर निघाला. एक बूट नदीने ठेवून घेतला.

मग डावीकडे गेल्यावर दगडांचा ढीग दिसला, फटीतून डब्याचं निळं झाकणही. इतक्यात टिटवी किंचाळत डोक्यावर आली! ख्वाजाभाईंनी वाकून वरचे दगड चाचपले. थंड. थंड. थंड.

चौथा कोमट!

हात जागीच थांबला. थंड मोटार बंद, कोमट मोटार चालू. आणि चालू मोटार उघडायची नसते. त्यांनी डोळे बारीक केले. झाकणावरच्या खळग्यात दगडांच्याच रंगाची चार अंडी होती.

"आंडी बाजूला ठेव, चिठ्ठी टाक," आश्रुबा म्हणाला. "भाभीचं ऑपरेशन हाय, येड्या!"

ख्वाजाभाईंनी चिठ्ठीकडे पाहिलं. मग ती त्यांनी खिशात ठेवली.

परतताना त्यांना चिखलाची नाही, घराची भीती वाटत होती.

रहिमाबीने सगळं ऐकलं. दारात एका बुटावर उभ्या आश्रुबाकडे पाहिलं. मग नवऱ्याचा तळवा हातात घेतला.

"ह्योच हात लागला आंड्याला?"

"ह्योच. एकालाच."

"पिल्लं कधी निघत्याल?"

"महिन्याभरात."

"आन् गुडघा?"

"डॉक्टर म्हणतो, तीन महिन्यांत चालशील."

"मंग पिल्लांना पुढं जाऊ दे." तिने चिठ्ठी फाडली. "वहीत नाव मीच जाऊन लिहिते. डॉक्टरला फोन लावा."

तळवा मात्र तिने सोडला नाही. ख्वाजाभाईंना फोन डाव्या हाताने लावावा लागला.