अंगी न लागलेला घास

"कुणी उपाशी हाय का रं?"

पानावर बसण्याआधी वडील उंबऱ्यात उभे राहून गल्लीभर अशी हाक द्यायचे. डॉ. केतकी सोनटक्के यांच्या कानात तो आवाज अजून होता. आता अशी हाक कुणी देत नव्हतं. कुणी "हाय" म्हणून पुढं आलं, तरी त्याला द्यायचं काय? अन्न आता ज्याचं त्याचं होतं, अगदी आतड्यापर्यंत.

दुष्काळाच्या वर्षांत साठेबाजांनी गरिबांच्या वाट्याचं धान्य गिळलं, तेव्हा लाळकुलूप निघालं. धान्यातल्या पिष्टाला गिरणीतच एक सूक्ष्म गाठ मारायची. ती सोडवणारा पाचकरस एकाच माणसाच्या देहात तयार व्हायचा, एक लस टोचली की झालं. दुसऱ्यानं तेच अन्न खाल्लं तर चव लागे, पोटही भरे. पण आत गेलं तसं ते बाहेर पडे. चोरी थांबली. गरिबाचा घास कुणाला पळवता येईना. गरिबाला तो देताही येणार नाही, हे त्या वेळी कुणी फारसं मनावर घेतलं नाही.

उरलेलं अन्न दुसऱ्या कुणाच्या कामाचं नसे. टेकडीवरच्या बंगल्यांतली अर्धी ताटं, समारंभांतली पातेली, सगळं गाडीत घालून पुनर्वसन वस्तीमागच्या भट्टीत जाळत. दिवेलागणीला तुपाचा, भाजक्या भाताचा वास घराघरांत शिरे आणि माणसं दारं लावून घेत.

केतकी त्या वस्तीत आल्या होत्या त्या धुरपदाबाईंसाठी. म्हातारीचा वाटा रोज न उघडता गाडीत परत जात होता, आणि म्हातारी वाळत चालली होती.

शेजारची लोचना पायरीवर बसून पीठ मळत होती. तिच्याही गळ्याची हाडं वर आलेली. तोंडानं गुणगुणणं चालू होतं :

माझ्या भाकरीचा गं अर्धा चंद्र तुझ्या दारी
उरला अर्धा मला, पुनव दोघींच्या घरी

"सरकारी अन्न मानवत न्हाई आक्काला," ती म्हणाली. "पण माझ्या हातची भाकरी खाती बघा. पोटभर! म्हणून तर अर्धीची पाऊण केली."

"तुमच्याच वाट्याच्या पिठाची?"

"मग काय कलेक्टरच्या?"

केतकी तिच्याशेजारी टेकल्या. दोरीला गाठ असते तशी दाण्याला असते, ती सोडवणारी बोटं ज्याच्या त्याच्या पोटात असतात, असं त्यांनी सांगून पाहिलं.

"पण मी चुलीवर भाजती की! जाळाला कसली गाठ?"

"ही गाठ जाळानं सुटत नाही, लोचनाबाई. तुमची भाकरी त्यांच्या अंगी लागत नाही. पोट मात्र भरतं, मग स्वतःचं अन्न त्यांना जात नाही."

लोचनाचे पिठाचे हात परातीतच राहिले.

"म्हंजी मी तिला जेवू घालून उपाशी मारली?"

पायरीवर धुरपदाबाईंकडून परत आलेला कालचा डबा पडला होता. शेजारणीचा डबा रिकामा परत द्यायचा नाही, ही रीत वस्तीत अजून टिकून होती. केतकींनी झाकण काढलं. तळाशी चिमूटभर मीठ.

"नेहमी मीठच घालतात?"

"आधी मूठभर भात असायचा. पुकाऱ्याची गाडी येऊन गेली, दुसऱ्याचं खाऊ नका म्हणून वरडत, तवापासनं मीठ." लोचना कसंनुसं हसली. "म्हटलं, कंजूष झाली म्हातारी."

मिठाला गाठ नसते. ते कुणाच्याही अंगी लागतं. केतकींनी झाकण लावलं आणि त्या आत गेल्या.

धुरपदाबाई भिंतीकडं तोंड करून पडल्या होत्या. केतकींनी त्यांच्याच वाट्याची पेज त्यांच्या ओठांना लावली आणि लाळेचा थेंब तपासून पाहिला. काचपट्टी पांढरीच राहिली, पाचकरसाचा मागमूस नव्हता. फार दिवस वापर नसला की पाचकरस आटतो, आणि या वयात लस दुसऱ्यांदा धरत नाही. आता स्वतःचं अन्नही म्हातारीला परकं झालं होतं.

दारात उभ्या असलेल्या लोचनाला त्यांनी हे सांगितलं. आवाज खाली ठेवूनही ते खोलीभर ऐकू गेलं.

लोचना खाटेजवळ आली. "आक्का, तुला ठावं होतं. मला जपायला भात सोडून मीठ घालत होतीस. मग खात का गेलीस? नको म्हणायचं की!"

म्हातारीनं पांघरूण ओढून घेतलं.

"फेकून तरी द्यायचंस!"

"तुझ्या तोंडातला घास? फेकवतोय व्हय?"

"मग एकदा तरी नको म्हणायचंस. बोल की गं!"

धुरपदाबाईंनी मान वळवली.

"धरणात बुडालेल्या गावात तुझी आय आमच्या दारी यायची," त्या थांबत थांबत म्हणाल्या. "सणाला काय केलं की टोपलीत झाकून आणायची. तुमच्या हातचं आमाला चालत न्हाई, म्हणायचो आमी. सासू म्हणायची, मग मी म्हणाया लागले. ती हसून माघारी जायची." दम लागला. "हितं पयल्या दिवशी तू डबा घिऊन आलीस. मला नको म्हणता यीना, लोचने. तुला वाटलं असतं, म्हातारी अजून विटाळ पाळती."