न बोलावता सुरू होणारे
"तोंड उघडा," डॉक्टर म्हणाली. काहीतरी सांगायला त्याने ते उघडलंच होतं, तिने लगेच आरसा आत घातला.

दोन मिनिटं तो दातांच्या दवाखान्यातल्या त्या खुर्चीत आ वासून पडून राहिला. सुटका झाली तेव्हा म्हणाला, "मी… वरच्या मजल्यावरच्या वकिलांकडे आलोय. कंप्युटर दुरुस्त करायला. दार चुकलं."

बाहेर पेशंटची नावं लिहून घेणारी तिची आत्या खुदकन हसली. डॉक्टर लाजेने लालबुंद.

"दात चांगले आहेत तुमचे," ती कशीबशी म्हणाली.

उठता उठता त्याची नजर तिच्या कंप्युटरकडे गेली. पडद्यावर अजून चक्र फिरत होतं. "चालू व्हायला किती वेळ घेतो हा?"

"पहिला पेशंट बरा होऊन घरी जातो, तोवर होतो."

तो हसला, स्टूल ओढून बसला आणि एक यादी उघडली. "कंप्युटर लावला की हे सगळे प्रोग्रॅम न बोलावता धावत येतात. दारातच चेंगराचेंगरी! एकेकाला विचारू. हा हवा?"

जुन्या प्रिंटरचा मदतनीस, कधीच न ऐकलेली गाणी, आत्याचा पत्त्यांचा डाव… ती 'नको' म्हणे, तो बंद करी. असे सात झाले.

"पुसले नाहीत हं. तुम्ही उघडलेत तर येतील, आपणहून येणार नाहीत. एक्स-रेचा आणि हा व्हायरस अडवणारा, यांना मात्र हात लावायचा नाही."

दुसऱ्या दिवशी कंप्युटर चुटकीसरशी चालू झाला. तिला आनंद व्हायला हवा होता, पण सकाळ उगाच रिकामी वाटली. दोन वर्षांपूर्वी ठरलेलं लग्न मोडलं, तेव्हापासून मनात काही उगवू लागलं की ती ते वेळीच उपटून टाकायची. या खेपेला हात धजेना.

आठवड्याने तिने फोन केला. "परत हळू झालाय." तो आला. दहा दिवसांनी पुन्हा आला. तेच सात प्रोग्रॅम पुन्हा चालू असायचे. तो मुकाट्याने बंद करायचा, मग चहा घेत गप्पा मारत बसायचा.

"कंप्युटरमधलं मला ओ की ठो कळत नाही, ठमे," आत्या म्हणाली, "पण तो बिघडायच्या दिवशी केस इतके नीट विंचरून येणारी डॉक्टर मी पहिल्यांदाच बघते."

चौथ्यांदा आला तेव्हा तो बसलाच नाही. "मला दुसऱ्या शहरात नोकरी लागलीय. सोमवारपासून. म्हणून आज तुम्हालाच शिकवतो, म्हणजे… कुणावर अवलंबून राहायला नको." त्याने माउस तिच्याकडे सरकवला. "आधी ही यादी उघडायची –"

पाच मिनिटं मान डोलावली असती तर तिची अब्रू झाकली गेली असती. आणि तो निघून गेला असता.

"मला येतं ते," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"पहिल्याच दिवशी बघून शिकले. बंद करायला… आणि चालू करायलाही."

बाहेर आत्याचं पेन थांबलं.

"माहीत होतं मला," तो हळूच म्हणाला. "एखादा होतो कधी आपोआप चालू. सातच्या सात नाही होत, डॉक्टर."

"मग येत का राहिलात?"

"तुम्ही बोलावत होतात म्हणून." तो घुटमळला. "बसने चार तास लागतात तिथून. रविवारी येऊ? काही बिघडलेलं नसलं तरी?"

"बिघडलेलं नसेल तरच या," ती म्हणाली, आणि या वेळी लाज लपवायला तिने मान खाली घातली नाही.

रविवारी दवाखाना बंद असतो. त्या रविवारी मात्र आत्याने सकाळीच दार सताड उघडून ठेवलं, चहाचं आधण चढवलं, आणि स्वतः शेजारणीकडे गप्पा मारायला निघून गेली.